लाल पूड आणि पांढरी पूड

मित्रांनो, आधी ओळख करून देतो. मी ओतीव लोखंडाचा एक जुना खलबत्ता. तसं पाहिलं तर आम्ही दोघं आहोत. पोट माझं, म्हणजे खलाचं, आणि डोकं बत्त्याचं. तो डोकं आपटतो आणि मी सोसतो, त्यामुळे विचार करायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तुमच्या घरात मिक्सर असतो. तो एकदा किंचाळला की काम झालं. मला वेळ लागतो, पण माझ्या पोटात काय पडलं ते मी विसरत नाही. हा माझा गुण आहे असं मी फार वर्षं समजत होतो.

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत माझा जन्म झाला. तापलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर एका कामगाराने मला उलटं धरून हातोडीने ठोकलं आणि म्हणाला, "खणखणीत आहे, जाऊ दे पुढे." तेवढ्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली. पुढे मिरजेच्या बाजारातून एका बाईंनी मला उचललं आणि त्यांच्या लेकीच्या, लतिकाच्या, लग्नात रुखवतावर मांडलं. म्हणून मी माहेरचा. ती माझी लतिका आणि तिचे यजमान मुरलीधरराव, म्हणजे आमचे जावई.

मुरलीधरराव तेव्हाच दुबईला होते. बर दुबईत मीना बाजारातल्या कापडाच्या दुकानात ते सेल्समन होते, नंतर मॅनेजर झाले. लग्नानंतर लतिका त्यांच्याबरोबर निघाली तेव्हा विमानतळावर बॅगेचं वजन तीन किलो जास्त भरलं. ते तीन किलो म्हणजे मीच होतो. मुरलीधरराव म्हणाले, "अगं, तिकडे सगळं मिळतं. हा ठोकळा कशाला?" लतिकाने दोन भारी साड्या काढून भावाच्या हातात दिल्या आणि मला राहू दिलं. माझ्यासाठी कुणी एवढं केल्याचं मला दुसरं आठवत नाही.

दुकानाजवळच, अल मनखूल भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माझी चांगली वर्षं गेली. शेंगदाण्याचा कूट, तिळाची चटणी, चहाचं आलं, दिवाळीत वेलदोडे. लसणाची चटणी कुटायला घेतली की वास लिफ्टपर्यंत जायचा आणि शेजारच्या मैमुनाबी वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या. अस्मी झाली, तिच्या बाळघुटीचं बदाम-खारीकही माझ्याच बाजूला सहाणेवर उगाळलं गेलं. मग मिक्सर आला. मी ओट्यावरून सिंकखाली गेलो, फिनेलच्या बाटलीशेजारी. तिथे सहा वर्षं काढली. अंगावर गंज चढला. बत्ता तर माझ्यापासून वेगळा, कुठल्याशा खोक्यात पडला होता. सहा वर्षांत एकदाही कुणाला आमची आठवण झाली नाही, याचं मला वाईट वाटायचं, ते मी लपवत नाही.

मला पुन्हा ओट्यावर आणलं ते एका कागदाने.

दुकानाकडच्या मेडिकल इन्शुरन्सचं नूतनीकरण होतं, म्हणून मुरलीधररावांची रक्ततपासणी झाली. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल फार वाढलेलं निघालं. त्याने घरात सगळेच घाबरले, कारण मुरलीधररावांचे थोरले भाऊ रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात कामाला होते आणि ड्युटीवर असतानाच हार्ट अटॅकने गेले होते. वय एकोणपन्नास. आता मुरलीधररावांना पन्नासावं लागलं होतं. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि ती कायम घ्यायची म्हणून बजावलं.

लतिकाला मात्र गोळीचीच धास्ती. तिचे वडील मूठ मूठ गोळ्या घ्यायचे आणि शेवटी किडनी निकामी होऊन गेले. गोळ्यांनीच किडनी खाल्ली, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. खरं कारण त्यांचा मधुमेह असेल, आणखी काही असेल, पण वडील गेल्यावर लेकीला कोण समजावणार? एका शुक्रवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातच मुरलीधररावांचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची शपथ घ्या. गोळी घेणार नाही म्हणा. मी तुमचं कोलेस्टेरॉल घरच्या घरी खाली आणते. नॅचरल. तीन महिने द्या मला."

"अगं, डॉक्टर काय मूर्ख आहेत का?"

"आधी शपथ घ्या."

अस्मी तेव्हा नववीत होती, दुबईतच वाढलेली. फ्रिजला टेकून ती म्हणाली, "मम्मा, दॅट्स नॉट हाउ मेडिसिन वर्क्स."

"तू गप्प बस गं. माझे बाबा कसे गेले ते मी पाहिलंय, तू नाही."

मुरलीधररावांनी शपथ घेतली. बायकोच्या गळ्याला हात लावून घेतलेली शपथ मोडली तर तिच्याच जिवावर बेततं, असं ते लहानपणापासून ऐकत आले होते. चांगले शिकलेले गृहस्थ, पण असल्या गोष्टी शिकून जात नाहीत.

त्याच दिवशी लतिकाने मला सिंकखालून काढलं. घासलं, पुसलं, तेलाचा हात फिरवला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लसूण आला, जवस आलं, मेथीदाणे आले. पहाटे साडेपाचला ठकठक सुरू व्हायची. लतिकाची टायपिंग सेंटरमध्ये स्ट्रेट ड्युटी, आठ ते चार, त्यामुळे सगळं साडेसातच्या आत आटपायचं. ती कुटलेली चटणी मुरलीधररावांच्या भाकरीवर जायची. पंधरवड्यात ते म्हणाले, "चव तरी छान आहे." मी फुगलो. फिनेलशेजारची सहा वर्षं मी त्या वाक्यात विसरलो.

महिन्याभराने लतिकाला तिच्या ऑफिसातल्या नबिलाने एक नवी गोष्ट सांगितली. नबिलाच्या सासऱ्यांनी एक लाल तांदूळ खाऊन कोलेस्टेरॉल खाली आणलं होतं. साध्या तांदळावर एक प्रकारची बुरशी वाढवतात, मग तो गडद लाल होतो. चिनी सामानाच्या दुकानात मिळतो. लतिकाने फोन ओट्यावर ठेवून स्पीकरवर सगळं नीट विचारून घेतलं, त्यामुळे मीही ऐकलं.

"नबिला, एक चम्मच बस है ना? कोई साइड इफेक्ट तो नहीं?"

"अरे, चावल ही तो है, लतिका. नॅचरल है. अब्बा तो बस यही लेते हैं, और कुछ नहीं."

'और कुछ नहीं' हे नबिलाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. तिचा काही दोष नाही. लतिकाच्याही घरात 'और कुछ नहीं' असंच होतं, निदान तिच्या समजुतीप्रमाणे. तिने पाकीट आणलं आणि अस्मीला म्हणाली, "पस्तीस दिरहम घेतले बाई, म्हणजे आठशे रुपयांच्या वर झाले." मग तो तांदूळ माझ्यात ओतून तिने बारीक पूड केली आणि चटणीत मिसळली. तिखटाच्या रंगात तो लाल रंग कुणाला कळला नसता. मुरलीधररावांना तिने सांगितलं नाही. चिनी बुरशी म्हटल्यावर त्यांनी ताट सरकवलं असतं, हे ती ओळखून होती.

आता दुसरी बाजू ऐका. मला ती एका दुपारी कळली.

मीना बाजारातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. मुरलीधरराव चालत घरी येत, जेवत, जरा पडत आणि चारला परत जात. त्या वेळात घरात कुणी नसायचं. लतिका ऑफिसात, अस्मी शाळेत. एका दुपारी जेवण झाल्यावर ते ओट्यापाशी आले. शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात एक पांढरी गोळी होती. ती त्यांनी माझ्या पोटात टाकली आणि हळू हळू, आवाज न करता, बत्त्याने चिरडली. चमचाभर मधात कालवून खाल्ली. मला टिशूने पुसलं आणि बत्ता जसा होता तसाच, मूठ खिडकीकडे करून ठेवला.

त्यांना अख्खी गोळी कधीच गिळता यायची नाही, घशात अडकेल अशी भीती वाटायची. दुकानात गोळी कुटत बसले असते तर सेल्समन पोरांमध्ये चर्चा झाली असती आणि ती लतिकापर्यंत पोचली असती. म्हणून घरी, माझ्यात. शपथ घेऊन पाच आठवडे झाले होते. मधे एकदा दुकानात त्यांच्या छातीत जळजळलं होतं. ती नुसती आम्लपित्ताची जळजळ निघाली, पण त्या अर्ध्या तासात त्यांना थोरले भाऊ दिसले. डॉक्टरांनी झापलं आणि त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

पहाटे लाल पूड, दुपारी पांढरी पूड. दोन्ही माझ्याच पोटात. बायको नवऱ्याला वाचवत होती आणि नवरा स्वतःला वाचवत होता. दोघं एकमेकांना दुखवू नये म्हणून गप्प होते, आणि दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला घरात मी एकटा होतो. सुरुवातीला मला त्याची मजा वाटली, हे कबूल करतो. नवरा-बायकोच्या चोरट्या गोष्टींना मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला तो उत्तम. कोलेस्टेरॉल इतकं खाली आलं होतं की लतिकाने देवापुढे साखर ठेवली. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मुरलीधरराव हसले. त्यांना वाटलं गोळीने झालं. तिला वाटलं लाल तांदळाने झालं. त्या आनंदाच्या दिवशी तरी एकाने खरं बोलायला हवं होतं. पण कशाला बोलतील? रिपोर्ट चांगला होता.

मे महिना लागला. मुरलीधररावांच्या मांड्या दुखू लागल्या. दिवसभर उभं राहायचं काम, त्यात वय, असं दोघांनी ठरवून टाकलं. लतिका कोमट तेलाने पाय चोळायची. मग दंड दुखू लागले. कापडाचं ठाण वरच्या फळीवर ठेवता येईना. एकदा पाणी पिताना ते सहज म्हणाले, "लघवी फार गडद होतेय गं, कोरा चहा असावा तशी." लतिका म्हणाली, "उन्हातून चालत येता दुपारचे, पाणी कमी पडतंय. लबान पीत जा." लबान म्हणजे इकडचं ताक. इथल्या उन्हाळ्यात हे सगळ्यांनाच होतं, असं मैमुनाबींनीही सांगितलं.

आणि नवरा दिवसेंदिवस गळतोय हे पाहून लतिकाने काय केलं असेल? तिला वाटलं आपण कुठेतरी कमी पडतोय. तिने लाल पुडीचा एक चमचा होता तो दोन केला. मी लोखंडाचा आहे, मित्रांनो, पण त्या दुसऱ्या चमच्याला मला फुटून जावंसं वाटलं.

जूनमधल्या एका सोमवारी दुपारी त्यांनी गोळी माझ्यात टाकली. दोन ठोके घातले. तिसऱ्याला हात वर गेलाच नाही. बत्ता निसटला, फरशीवर आदळला आणि फ्रिजखाली गेला. ते ओट्याला धरून हळूहळू खाली बसले. उठायचा प्रयत्न केला, पण मांड्यांनी साथ दिली नाही. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. पंखा चालू होता, मीटरभर अंतरावर पाण्याची बाटली होती आणि ते तिथे सव्वा तास बसून होते. तीन वाजता शाळेच्या बसमधून अस्मी आली.

"पप्पा? पप्पा, व्हाय आर यू ऑन द फ्लोअर?"

"काही नाही बाळा. जरा पाय भरून आलेत. मम्माला घाबरवू नको."

अस्मीने आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि मग मम्माला.

दोन दिवस घर बंद होतं. लतिका मधे एकदा कपडे न्यायला आली, ओट्याकडे तिने पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी अस्मी आली. हॉस्पिटलमध्ये काय चाललंय ते तिने मैमुनाबींना स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं, तेव्हा मला कळलं. पप्पांचे स्नायू आतून विरघळत होते आणि त्या कचऱ्याने किडन्या तुंबल्या होत्या. डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, कुठलं औषध घेता? लतिका खाटेशेजारी उभी होती. मुरलीधररावांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, काहीच नाही. मग डॉक्टरांनी लतिकाला विचारलं, काही देशी, हर्बल, सप्लिमेंट? तीही म्हणाली, "नो नो डॉक्टर, ओन्ली घर का खाना." तिच्या लेखी ते घरचं खाणंच होतं. दोघांनीही डॉक्टरांना 'नाही' असंच सांगितलं. त्यात दोन दिवस गेले.

मैमुनाबी म्हणाल्या, "बेटा, कुछ खाया? आलं घालून चहा तरी घे." अस्मीने आलं घेतलं आणि मला पुढे ओढलं. माझ्या पोटात ती अर्धवट चिरडलेली गोळी तशीच पडलेली होती. अस्मी थबकली. बोट लावणार होती, ते मागे घेतलं. वाकून पाहिलं. काळ्या लोखंडावर पांढरे तुकडे, आणि खाली बारीक खाचांमध्ये मुरलेला लाल रंग. ती धुण्याच्या टोपलीकडे धावली. पप्पांच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी मिळाली. मग फळीवरचं लाल तांदळाचं पाकीट काढलं, त्यावरचं नाव फोनमध्ये घातलं आणि उभ्याउभ्या वाचत राहिली. मग तिने आत हात न लावता माझ्यावर प्लास्टिक ताणून बसवलं आणि मला दप्तरात घातलं.

दुबईत आल्यापासून सतरा वर्षांत मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो, तो असा.

हॉस्पिटलच्या खोलीत डॉक्टरीणबाई होत्या, केरळच्या. अस्मीने मला, पट्टीला आणि पाकिटाला खाटेच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "डॉक्टर, ही टुक बोथ. एव्हरी डे. दे डिडन्ट टेल इच अदर."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट हातात घेतलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी हिंदीत सावकाश समजावलं. आपलं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं. ही गोळी ते बनवणं थांबवते. निसर्गातही तसं करणारे पदार्थ आहेत. या लाल तांदळावरच्या बुरशीत जे तयार होतं, ते या गोळ्यांच्याच जातीचं, एका जुन्या गोळीत तर नेमकं तेच असतं. किती असतं, हे एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात बदलतं, कुणी मोजून घालत नाही. "आपने एक ही दवा दो बार ली है. एक का नाम दवा था, दूसरे का नाम खाना."

"पण ते नॅचरल आहे ना हो?" लतिका मराठीतच म्हणाली. तिला भानच नव्हतं.

अस्मीने ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, नॅचरल असलं तरी ते शरीरात औषधासारखंच काम करतं. काम करणारी गोष्ट इजाही करू शकते. नुसत्या गोळीनेही असं क्वचित होतं, नुसत्या तांदळानेही होऊ शकतं, पण दोन्ही मिळून धोका फार वाढतो. यात किती कशाने झालं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

त्या गेल्या. मग लतिका म्हणाली, "तुम्ही शपथ मोडलीत."

"हो."

"कधीपासून?"

"पाचव्या आठवड्यापासून." मुरलीधररावांचा आवाज खोल गेला होता. "रोज दुपारी गोळी घेतली की मला भीती वाटायची गं. आता हिला काही होणार. तू साडेचारला घरी पोचलीस म्हणून मेसेज करायचीस ना, तोपर्यंत दुकानात माझं लक्ष लागायचं नाही."

लतिकाने पदर तोंडात धरला. "मी दोन चमचे घालत होते. तुम्ही थकत होतात म्हणून. एकाचे दोन केले मी."

त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला गेला नाही. तिने तो उचलून आपल्या गालाला लावला. टेबलावरून मी हे पाहिलं. एकमेकांवर इतकी माया असलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत, आणि त्यांचं काय झालं तेही मी पाहिलं.

डायलिसिस सुरू झालं. दोन दिवस जरा आशा वाटली. अकराव्या दिवशी रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढलं आणि मुरलीधररावांचं हृदय थांबलं. ज्या हृदयासाठी हे सगळं चाललं होतं, तेच. जेबेल अलीच्या स्मशानात अग्नी दिला. अस्मीने दिला.

मला घरी आणून लतिकाने कपाटात ठेवलं, पुन्हा सिंकखाली नाही, तिच्या साड्यांच्या मागे. फोन येत राहिले. काय झालं हो एकाएकी? लतिका सगळ्यांना एकच सांगायची, "हार्ट. त्यांच्या घरात आहेच ना. थोरल्या भाऊजींसारखंच." लोक हळहळायचे, कुणी पुढे विचारायचं नाही. खोटं इतकं सोपं होतं की ते सांगताना तिचा आवाजही हलत नसे. अस्मी ते ऐकायची आणि दुसऱ्या खोलीत जायची.

तेराव्यानंतर सांगलीहून धाकट्या दिराचा, चंद्रशेखरचा फोन आला. लतिका कपाट आवरत होती, फोन स्पीकरवर पलंगावर होता. अस्मी चहा घेऊन आली होती.

"वहिनी, थोरला हार्टने गेला, दादा हार्टने गेला. आता आमचाच नंबर. माझंही कोलेस्टेरॉल वर निघालं बघा."

"डॉक्टरांकडे जाऊन या, भाऊजी."

"जाऊन आलो की. गोळी सुरू केली कालपासून. शिवाय ओळखीच्या एकाने त्या नॅचरल कॅप्सूल दिल्यात, लाल यीस्टच्या तांदळाच्या. आईला त्याच बऱ्या वाटतात. म्हटलं, दोन्हीकडून जोर लावू."

अस्मीने हातातला कप खाली ठेवला. ती आईकडे पाहत राहिली.

लतिकाच्या हातात एक साडी होती, ती तिने खाली ठेवली. ती फोनपाशी बसली. "भाऊजी, फोन ठेवू नका. त्या कॅप्सूल टाकून द्या. तुमच्या दादांना हार्ट नव्हतं झालं. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

आणि तिने सांगितलं. शपथ, चटणी, लाल पूड, पांढरी पूड, दोन चमचे, सगळं. कुठेही स्वतःला झाकलं नाही. मग लांबून सासूबाईंचा आवाज आला, "काय म्हणतेय ती?" चंद्रशेखरने त्यांना काहीतरी सांगितलं असावं. पुढचा आवाज अगदी फोनजवळून आला.

"माझ्या पोराला तू खाऊ घालून मारलंस?"

"हो, आई," लतिका म्हणाली.

फोन बंद झाला.

चार दिवस सांगलीहून कुणाचा फोन आला नाही. लतिका नेहमीसारखी ऑफिसला जायची, यायची, जेवायची नाही. पाचव्या दिवशी तिच्या फोनवर चंद्रशेखरकडून एक फोटो आला. डॉक्टरांचं टेबल होतं. त्यावर गोळ्यांची पट्टी, लाल कॅप्सूलची बाटली, काढ्याचं पाकीट, आवळ्याची पावडर, अगदी मुखवासाची डबीसुद्धा ओळीने मांडली होती. डॉक्टरांनी कॅप्सूलच्या बाटलीवर पेनाने मोठी फुली मारली होती. फोटोखाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

लतिकाने तो फोटो खूप वेळ पाहिला. मग तिने अस्मीला जवळ बोलावलं आणि दोघींनी मिळून भात खाल्ला.

मित्रांनो, मला घासा, मला तेल लावा, मला विसरू नका, असं सांगायला मी आलो नाही. कपाटात मी ठीक आहे. माझी विनंती दुसरीच आहे. तुमच्या घरातला कुणी मुळं उकळत असेल, बिया कुटत असेल, गोळी लपवून खात असेल, तर त्याला प्रेमाने विचारा. तुम्ही स्वतः घेत असाल तर घरी सांगा. डॉक्टर विचारतील तेव्हा सगळं टेबलावर मांडा, झाडाचं, बुरशीचं, कारखान्याचं, आणि लाज वाटली तरी मांडा. त्या घरात मला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या आणि मला सांगता आलं नाही. तुम्हाला सांगता येतं.